एडगर कॉड : वैमानिक ते गणिती

वसतिगृहात एकाच नावाचे दोन कॅडेट असले की धोब्याच्या गाठोड्यापासून घरच्या पत्रांपर्यंत सगळ्याची अदलाबदल होते. म्हणून आपल्याला रोल नंबर असतो. हीच साधी गोष्ट संगणकाच्या तक्त्यांसाठी गणिताच्या पायावर मांडणाऱ्या माणसाची ही ओळख.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे झाला. आई शिक्षिका होती. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले, तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. विद्यार्थी म्हणून त्यांना सैन्यसेवेतून सवलत मिळू शकत होती. तरीही ते स्वखुशीने रॉयल एअर फोर्समध्ये गेले आणि कोस्टल कमांडमध्ये सुंदरलँड विमाने चालवू लागले. ही विमाने पाण्यावर उतरत आणि तासन्‌तास समुद्रावर गस्त घालत. युद्धानंतर ते ऑक्सफर्डला परतले आणि १९४८ मध्ये गणिताचे पदवीधर झाले.

पुढे अमेरिकेत ते आयबीएम कंपनीत लागले. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या कारवायांचा निषेध म्हणून ते कॅनडाला निघून गेले आणि काही वर्षांनी परतले. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन १९६५ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवत. हवी ती नोंद कोणत्या फांदीवर आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागे. रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावा लागे. कॉड यांनी जून १९७० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला ओळख देणारी एक किल्ली असावी, ती म्हणजे प्रायमरी की. दुसऱ्या तक्त्यात सगळी माहिती पुन्हा न लिहिता फक्त ती किल्ली लिहावी, ती म्हणजे फॉरेन की. अकरावीत आपण जे संच आणि संबंध शिकणार आहोत, त्याच गणितावर हे उभे आहे.

आयबीएमची जुनी पद्धत चांगली खपत होती, त्यामुळे कंपनीने या कल्पनेचे उत्पादन करायला वेळ लावला. १९७९ मध्ये दुसऱ्याच एका कंपनीने, म्हणजे आजच्या ओरॅकलने, असा डेटाबेस आधी विकायला आणला. कॉड मात्र आपले म्हणणे मांडतच राहिले. १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लॉरिडात त्यांचे निधन झाले.

मला कॉड यांचे नाव आईकडून कळले. गेल्या उन्हाळ्यात एका शिबिरात माझ्या मित्राला ताप आला. त्याला एक औषध चालत नाही, हे प्रवेशाच्या तक्त्यात लिहिलेले होते. पण औषधांच्या तक्त्यात त्याच्या नावाचे स्पेलिंग वेगळे होते, म्हणून ती नोंद समोर आलीच नाही. त्याने स्वतः सांगितले म्हणून तो वाचला. म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या घरी परतल्यावर मी हे आईला सांगितले. ती तेव्हा एका संस्थेचे जुने तक्ते सुधारत होती. तिने मला शेजारी बसवले.

आधी तिने प्रत्येक माणसाची एकच ओळ ठेवून मुख्य तक्ता केला आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. मग बाकीच्या तक्त्यांत नावाच्या जागी तो क्रमांक भरला. काही नोंदींना मालकच सापडेना. त्या तिने कागदपत्रांशी ताडून एकेक करून सोडवल्या. शेवटी तिने फॉरेन कीचा नियम लावला. मुख्य तक्त्यात नसलेला क्रमांक आता दुसऱ्या कोणत्याही तक्त्यात शिरू शकत नव्हता. अनाथ नोंदी शिल्लक असताना हा नियम लावायला गेले, तर डेटाबेस तो स्वीकारतच नाही. म्हणून आधी साफसफाई, मग नियम, हा क्रम.

सकाळच्या फॉलइनमध्ये हजेरी जुळेपर्यंत आपल्याला हलू देत नाहीत, याचा मला पूर्वी कंटाळा यायचा. आता येत नाही. एक जरी नंबर जुळला नाही, तरी कोणीतरी एक मुलगा कुठेतरी राहिलेला असतो.