विश्लेषण : घरी मराठी, लेखणीत हिंदी... मुक्तिबोध नागपुरात का टिकू शकले नाहीत?

हिंदी कवितेतले गजानन माधव मुक्तिबोध हे नाव देशभर अभ्यासले जाते. ते मराठी घरातले होते आणि उमेदीची सुमारे दहा वर्षे त्यांनी नागपुरात काढली, हे मात्र महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक नसते. मराठी माणसाला मराठी शहरातच परके का वाटावे? याचे उत्तर त्यांच्या स्वभावात आहे, तसेच १९५६ साली बदललेल्या नकाशातही आहे.

मुक्तिबोध मूळचे कुठले?

घराणे खान्देशातले, जळगावचे. पणजोबा वासुदेवराव गाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि कुटुंब तिकडचेच झाले. आडनाव मूळचे कुलकर्णी. एका पूर्वजाने लिहिलेल्या ग्रंथावरून ‘मुक्तिबोध’ हे नाव पडले, असे घरात सांगत. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. दर काही वर्षांनी बदली, नवे गाव, नवी शाळा. आई पार्वतीबाई हिंदी वातावरणात वाढलेल्या. हरी नारायण आपटे आणि प्रेमचंद हे दोघेही त्यांचे आवडते लेखक. पुढे या घरातल्या दोन मुलांनी दोन भाषा निवडल्या, त्याचे बीज बहुधा इथेच असावे.

घरापासून ते दूर कसे गेले?

१९३८ मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी प्रेमविवाह केला. मग नोकऱ्यांची रांगच लागली : शुजालपूर, उज्जैन, कलकत्ता, मुंबई, बंगळूर, बनारस, जबलपूर. कुठे मास्तरकी, कुठे वर्तमानपत्र. कुठेही जम बसला नाही. दरम्यान १९४३ मध्ये अज्ञेयांनी सात नव्या हिंदी कवींचा ‘तार सप्तक’ काढला. त्यात मुक्तिबोध होते. सातांपैकी ते आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी मातृभाषेचे. तरी हिंदी साहित्याचा दरबार भरायचा तो अलाहाबाद, बनारस आणि दिल्लीत. मुक्तिबोध तिथले कधीच झाले नाहीत. त्यांच्या लांबलचक वाक्यांत मराठी वळण दिसते, असे हिंदी समीक्षक सांगत आले. म्हणजे भाषा आपलीशी केली, तरी तिच्या घरात ते पाहुणेच राहिले!

मग नागपूरच का?

१९४८ मध्ये ते प्रांतिक सरकारच्या माहिती व प्रसिद्धी खात्यात नोकरीला लागले. तेव्हाचे नागपूर म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. कचेऱ्यांत हिंदी आणि मराठी दोन्ही चालत, वर्तमानपत्रेही दोन्ही भाषांत निघत. घरी मराठी बोलणाऱ्या हिंदी लेखकाला देशात याहून सोयीचे गाव सापडणे कठीण होते.

धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. १९४९ मध्ये त्यांचा ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह आला. पुढे ते नागपूर महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले. दोघेही मार्क्सवादी, दोघेही नव्या कवितेचे. थोरल्याला हिंदीने उचलले, धाकट्याला मराठीने. आपल्याकडे दोघांना शेजारी ठेवून फारसे वाचले जात नाही, हे नवलच.

सुख मात्र नव्हते. पगार तोकडा, संसार वाढता, उधारी कायमची. नोकरी सांभाळून पस्तिशीनंतर ते एम.ए. झाले. पुढे आकाशवाणीवर बातम्यांचे काम केले. सरकारी नोकर असल्याने राजकीय लेख टोपणनावाने लिहावे लागत. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर झालेल्या गोळीबाराचा संबंध अभ्यासक त्यांच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेशी जोडतात. आपण कुठले, यापेक्षा आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्यांना मोठा वाटू लागला होता आणि नागपूरच्या गिरणगावात त्याचे उत्तर डोळ्यांसमोर होते.

१९५६ मध्ये नेमके काय बदलले?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला हलली. हिंदीचा सरकारी कारभार, त्याच्या नोकऱ्या आणि त्याभोवतीचे वर्तुळ नागपुरातून उठले. शहर मराठी राज्यात आले आणि तिथल्या या मराठी माणसाच्या पायाखालची जमीन त्याच घटनेने सरकली. मुक्तिबोधांनी त्याच वर्षी रेडिओ सोडला आणि ‘नया खून’ या हिंदी साप्ताहिकाचे काम हाती घेतले. साप्ताहिकाच्या मिळकतीवर घर चालणार किती? दोन वर्षांतच त्यांनी नागपूर सोडले.

राजनांदगावात ते रुळले का?

बऱ्याच अंशी. १९५८ मध्ये हावडा मार्गावरच्या या गावातील दिग्विजय महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. राहायला जुन्या राजवाड्याचा एक भाग मिळाला. दोन बाजूंना राणीसागर आणि बुढासागर तलाव, वर जायला गोल जिना. आयुष्यात पहिल्यांदा थोडी स्वस्थता लाभली आणि लेखन बहरले.

तीही पुरती टिकली नाही. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. शिक्षक म्हणून प्रथमच स्थिरावलेल्या माणसाला सरकारनेच परके ठरवले. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला.

शेवट कसा झाला?

फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळला उपचार झाले. मग हिंदी लेखकांनी धावपळ केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत बाब नेली आणि त्यांना दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये हलवण्यात आले. जो दरबार आयुष्यभर लांब राहिला, तो आता खाटेभोवती जमला होता. पण रुग्ण बेशुद्ध होता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६.

‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यानंतर, त्याच वर्षी बाहेर पडला. शरच्चंद्र नागपुरातच राहिले आणि मराठी शिकवत राहिले. १९७९ मध्ये त्यांच्या मराठी समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये मणी कौल यांनी थोरल्या भावाच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा हिंदी चित्रपट काढला. राजनांदगावचे ते तलावांमधले घर आज स्मारक आहे.