ऑलिम्पिकचं पदक आणलं, मग सरांचं घर सोडवायला कुस्त्या लावल्या

सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी थेट राहतं घर गहाण टाकलं, ७ हजार दिले.

तिथं जपानी इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण भांडायला भारताचा अधिकारीच हजर नव्हता! खाशाबा हरले. तरी ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

गावी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आलेल्या पैशातून सरांचं घर सोडवलं. पुढं पोलिसात नोकरी केली. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर.