देशबंधूंनी फेडलेले जुने ऋण

देशबंधू चित्तरंजन दास यांचे स्मरण बहुधा दोन गोष्टींसाठी केले जाते. एक म्हणजे अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांनी केलेला अरविंद घोष यांचा बचाव आणि दुसरी, असहकाराच्या काळात त्यांनी सोडून दिलेली भरभराटीची वकिली. १९१३ सालची एक घटना मात्र या दोहोंच्या छायेत राहिली आहे.

५ नोव्हेंबर १८७० रोजी कोलकात्यात जन्मलेले चित्तरंजन इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा घर कर्जात बुडाले होते. वडील भुवनमोहन हे सॉलिसिटर होते. कमाई चांगली, पण हात त्याहून सढळ. वडिलांच्या कर्जाची जबाबदारी मुलाने स्वतःवरही घेतली. नव्या वकिलाच्या मिळकतीत ती पेलणे अशक्य होते. अखेर १९०६ मध्ये पितापुत्रांना दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला. वकिलाच्या पेशात हा डाग लहान नव्हता.

पुढे अलीपूर खटल्याने चित्र पालटले. मे १९०९ मध्ये अरविंद निर्दोष सुटले आणि दास यांचे नाव देशभर झाले. पैसा येऊ लागला. जुन्या देण्यांसाठी त्यांना न्यायालयात खेचण्याचा अधिकार आता धनकोंकडे उरला नव्हता.

अशा देण्यांबाबत कायद्याची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. मुदतबाह्य झालेल्या कर्जाचा दावा न्यायालयात टिकत नाही. परंतु ऋणकोने ते फेडण्याचे लेखी वचन सहीनिशी दिल्यास १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमानुसार ते वचन बंधनकारक ठरते. म्हणजे मेलेले कर्ज जिवंत करणे सर्वस्वी ऋणकोच्या इच्छेवर अवलंबून असते. शहाणा वकील आपल्या अशिलाला अशी सही न करण्याचाच सल्ला देईल.

दास यांनी १९१३ मध्ये सारी देणी चुकती केली आणि दिवाळखोरीचा आदेश रद्द करून घेतला. सर्व कर्जे पूर्ण फिटल्याचे सिद्ध झाल्यास असा आदेश रद्द करण्याची तरतूद १९०९ च्या इलाखा शहरांसाठीच्या नादारी कायद्यात होती. त्यांच्या पुढील त्यागाची चर्चा अधिक झाली खरी; पण कोणी मागत नसताना दिलेला हा पैसा अधिक कठीण कसोटीचा होता, असे म्हणावेसे वाटते.

१९२२ मध्ये ते गया काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पुढे मोतीलाल नेहरूंसह त्यांनी स्वराज्य पक्ष स्थापला आणि १९२४ मध्ये कोलकात्याचे महापौरपद भूषविले. १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. कोलकात्यातील राहते घर त्यांनी तत्पूर्वीच लोककार्यासाठी देऊन टाकले होते. तेथे आज चित्तरंजन सेवासदन हे रुग्णालय उभे आहे.