पंडिता रमाबाई
१८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात निवर्तले आणि ऐन उमेदीच्या वयात त्या पोरक्या झाल्या. आईने शिकविलेले संस्कृत हीच त्यांची शिदोरी. तिच्याच बळावर १८७८ साली कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' ही पदवी लाभली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनात अन्नवस्त्राबरोबर अक्षरज्ञान, विणकाम, शेती व छपाईही शिकविली जाई. १९२२ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या धर्मांतरावरून वाद झाले. तरी या कार्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. आश्रयाचे छत्र एक दिवस सुटते, हातची विद्या सुटत नाही. पोरक्या मुलास घरी आणणाऱ्या आपणां सर्वांस हाच बोध घेण्यासारखा आहे.