देवळालीचे संख्यातपस्वी

पद आणि प्रतिष्ठा यांवाचून संशोधन होत नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र हे या समजास चोख उत्तर होय, असे आम्हांस वाटते.

१७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणूस त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्यांना वाढविले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता, त्यातूनच मुलास आकड्यांची गोडी लागली. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविले, १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळाशिक्षक राहिले.

फावल्या वेळात त्यांनी संख्यांचा ध्यास घेतला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. सात पायऱ्यांच्या आत-बाहेर नव्हे, फार तर सातव्या पायरीस ६१७४ हाती येतेच. त्यांच्या जन्मवर्षापासून, १९०५ पासून, निघाल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४! हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. स्वयंभू संख्या व हर्षद संख्या हीही त्यांचीच देणगी.

येथील पंडितांनी मात्र हे कार्य करमणूक म्हणून बाजूस सारले. कापरेकरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनामुळे त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ साली ते निवर्तले.

परक्यांनी गौरविल्याखेरीज आपला माणूस आपल्यास दिसू नये, ही खंत आहेच. परंतु ६१७४ च्या शोधास पाटी व खडू यांपलीकडे काहीही लागले नाही, हे अधिक महत्त्वाचे. तेवढी सामग्री डहाणूच्या शाळेत आहे, तशीच बीदर सीमेवरील कमलनगरच्या शाळेतही आहे. तेथे आकड्यांत रमणारा एखादा शिक्षक असेल, तर त्याचा छंद अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून मोडून काढू नये. त्याचे टिपण कोणीतरी आस्थेने वाचावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.