लेकरांच्या भांडणात मोठ्यांचा हात

शंभर वर्षांपूर्वी आपल्या अमरावतीत एक तरुण वकिलीणबाई राहत होत्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, प्रार्थना समाजाच्या घरातल्या. त्या काळी वऱ्हाडात बी.ए. झालेली बाई म्हणजे अपूर्वाईच. त्यांचं नाव ताराबाई मोडक. हे नाव घेतलं की कोसबाडची टेकडी आठवते, वारल्यांची मुलं आठवतात, अनुताई वाघ आठवतात. अमरावती मात्र कुणाला आठवत नाही. मला आठवते, कारण मी इथलीच. शिवाय माझी ३० वर्षं बालवाडीत लेकरांची नाकं पुसण्यात आणि भांडणं सोडवण्यात गेली.

आज ताराबाईंबद्दल लिहायचं कारण म्हणजे ही भांडणंच. अमरावती-अकोल्यात आता ठिकठिकाणी बंद हॉलमधली खेळघरं झाली आहेत. ‘प्ले झोन’ म्हणतात त्यांना. प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद, घसरगुंडी, उड्या मारायची जाळी, वर गार हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. मग दुपारी लेकरांना न्यायचं तरी कुठे? वाडे गेले, अंगणं गेली, फ्लॅटच्या पार्किंगमध्ये खेळू देत नाहीत. तेव्हा आया लेकरांना घेऊन तिथे जातात आणि परत येताना कपाळावर टेंगूळ नाहीतर दंडावर दातांचा वण घेऊन येतात. माझं लेकरू दुसऱ्याला ढकलतं, चावतं, नाहीतर नुसतं मारच खाऊन येतं, आता काय करू, असं विचारणाऱ्या आयांची माझ्याकडे वर्दळ असते. त्यांना मी ताराबाईंची गोष्ट सांगते. तीच आज तुम्हालाही सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. १९१४ मध्ये पदवी घेतली, अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं आणि त्या वऱ्हाडात आल्या. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा अजून ३४ वर्षं होती. आजही आपल्याकडे नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याची कुजबुज होते. मग १९२१ सालचं तर विचारूच नका! कोणाचं चुकलं, काय बिनसलं, त्यात मी शिरत नाही. एवढंच बघते, की मोडलेल्या घरातून बाहेर पडलेली ही बाई रडत बसली नाही. ती राजकोटला गेली आणि तिथल्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्य झाली.

तिथून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आल्या. योगायोग बघा, गिजुभाई मूळचे वकीलच. स्वतःला मुलगा झाला, तेव्हा त्याच्या शिक्षणाच्या काळजीने ते मॉंटेसरीबाईंच्या पुस्तकांकडे वळले आणि वकिली सोडून लहान मुलांत रमले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. चांगली मानाची प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई त्या बालमंदिरात जाऊन बसल्या, ते लेकरांकडून शिकायला. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिका’ही ताराबाईंनी चालवली. लहान मुलांना कसं वागवावं, हे सांगणारं मासिक आपल्या आजी-पणजीच्या काळात निघत होतं, हे किती जणींना ठाऊक आहे?

आता मुद्द्याचं. या पद्धतीत दोन गोष्टींना दारच बंद होतं, मार आणि आमिष. छडी नाही, तसं बक्षीसही नाही. ज्या काळात छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही असं सगळे मानत, त्या काळात हे लोक मुलांवर हात उगारू नका म्हणत होते. लोक हसले असणारच. मुलं डोक्यावर बसतील, मारामाऱ्या करतील असं वाटणं साहजिक होतं. पण मॉंटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह काढलं, तेव्हापासून या पद्धतीत एक साधी युक्ती आहे. खोलीत प्रत्येक साधन एकेकच ठेवायचं. मनोऱ्याचे ठोकळे एकाने घेतले, की त्याचं होईपर्यंत ते त्याचे. दुसऱ्याने थांबायचं, बघायचं, नाहीतर दुसरं काही घ्यायचं. झालं की जागच्या जागी ठेवायचं. म्हणजे पाळी हा शब्द उपदेशातून शिकवायचा नाही, तो खोलीच्या मांडणीतच असतो. बाईंनी आरडाओरडा करायचा नाही, लक्ष ठेवायचं आणि वेळेवर जवळ जायचं.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पार फसतो. मुलं त्यालाच उडवून लावतात. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग हळूहळू त्याचा होतो. शांत बसा म्हटल्याने लेकरं शांत बसत नाहीत, त्यांच्या हाताला किंवा कानाला काहीतरी द्यावं लागतं, हे त्या मास्तरला एका दिवसात कळलं. आपल्याला कधीकधी दोन लेकरं मोठी होईस्तोवर कळत नाही.

गेल्या मे महिन्यात अकोल्याला भाच्याच्या मुलाचा वाढदिवस अशाच एका खेळघरात होता. दोन वर्षांच्या पिटुकल्यापासून दहा वर्षांच्या घोड्यांपर्यंत सगळे एकाच हौदात. गाणी मोठ्याने लावलेली, आया गोल करून गप्पांत, निम्म्या मोबाइलमध्ये. घसरगुंडीच्या शिडीवर एका चार वर्षांच्या मुलाने पुढच्याला ढकललं. पुढचा पडला, भोकाड पसरलं. ढकलणाऱ्याची आई उठली आणि सगळ्यांदेखत तिने त्याला एक सणसणीत रट्टा दिला, वर दटावलं की मारायचं नसतं म्हणून. लेकराने रडू गिळलं, हौदात उतरलं आणि पहिलं काय केलं? स्वतःपेक्षा लहान पोरीच्या पाठीत धपाटा घातला. तसाच, हात तेवढाच मागे नेऊन, जसा आईने नेला होता. मी बघतच राहिले. मग दोन्ही आयांची जुंपली, एकमेकींचे संस्कार निघाले, एक बाई केक न खाताच निघून गेली. इकडे तोवर ती पोरगी आणि तो पोरगा मिळून चेंडू उधळत होते! लेकरांचं भांडण मिटलं, मोठ्यांचं अजून मिटलेलं नाही.

त्या मुलाला आईच्या शब्दांतून काय कळलं ते कुणास ठाऊक. हातातून मात्र एक गोष्ट नक्की कळली, की जो मोठा असतो तो लहानाला मारू शकतो. मग तोही आपल्याहून लहान कोण ते शोधणारच. आपल्याकडे म्हणतात, लेकरू मारल्याबिगर वळणावर येत नाही. मला वाटतं, ताराबाईंनी जन्मभर झगडा केला तो या एका समजुतीशी.

आता प्ले झोनमध्ये करायचं काय? ताराबाईंनी असलं खेळघर कधी पाहिलं नाही. पण त्यांच्या पद्धतीचं बोट धरून आणि माझ्या बालवाडीच्या अनुभवावरून मी आयांना चार गोष्टी सांगते.

पहिली, भांडण व्हायच्या आधी जागा बघा. गर्दीची रविवार संध्याकाळ टाळा, लेकरू जेवलेलं आणि झोप झालेलं असेल तेव्हाच न्या. उपाशी, पेंगुळलेलं पोर भांडणारच. लहान मुलांसाठी वेगळा भाग नसेल, तर मालकाला तो करायला सांगा. पैसे मोजतो आपण, सांगायला लाजायचं कशाला? दोन वर्षांचं आणि दहा वर्षांचं एका जाळीवर उड्या मारत असतील, तर कुणाचाही दोष नसताना हाड मोडू शकतं.

दुसरी, दोन-अडीच वर्षांचं मूल चावतं ते बहुधा दुष्टपणाने नाही. त्याला ते खेळणं हवं असतं आणि मला दे हे शब्द तोंडात नसतात. दात मात्र असतात! त्याला ते शब्द द्या. या वयात वाटून घे म्हटलेलं कळत नाही. आता त्याची पाळी, मग तुझी, हे हळूहळू कळतं, तेही तुम्ही तिथे थांबून ती पाळी खरोखर मिळवून दिली तर.

तिसरी, मारामारी झालीच तर आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. मग मारणाऱ्याकडे. लांबून ओरडू नका, खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, हात अलगद धरा आणि दोनच वाक्यं बोला. त्याला लागलं, मी तुला मारू देणार नाही. बस्स! सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, तोंडदेखली माफी लेकरांना लवकर जमते. पाणी आणून दे, पडलेला बूट उचलून दे, असं काहीतरी हाताने करू द्या. तरी ऐकत नसेल तर पाच मिनिटं बाहेर घेऊन बसा. शिक्षा म्हणून नाही, जीव शांत व्हायला. पुन्हा तेच झालं तर घरी चला, आणि घरी गेल्यावर बाबांपुढे खटला भरवू नका.

चौथी, दुसऱ्याच्या लेकराला दरडावू नका. मध्ये हात घालून थांबवा जरूर, पण बोलायचं त्याच्या आईशी, तेही हळू आवाजात. तुमचं लेकरू नेहमी मार खाऊन येत असेल, तर त्याला तू पण दोन ठेवून दे असं शिकवू नका. हात आडवा धरून मोठ्याने नको म्हणायला शिकवा आणि मोठ्या माणसाकडे येणं म्हणजे चुगली नव्हे, हेही सांगा.

हे सगळं शहरातल्या, पैसे मोजू शकणाऱ्या आयांसाठी झालं. ताराबाईंनाही हा प्रश्न पडला होता. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढलं, ते नावारूपाला आलं. पण मॉंटेसरीची साधनं महागडी, ती खेड्यातल्या मुलाला कुठून मिळणार? म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. लाकडी साधनांच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पानं आली. बालवाडी हा शब्द रुजला तो इथून. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. म्हणून अंगणवाडी! पुढे १९५७ मध्ये कोसबाडला वारल्यांच्या मुलांसाठी काम सुरू झालं. मुलं गुरं राखायला जात, तर शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. मूल येत नाही, ऐकत नाही, म्हणून ताराबाईंनी मुलाला दोष दिला नाही. प्रत्येक वेळी त्यांनी जागा बदलून पाहिली, साधन बदलून पाहिलं, स्वतःची रीत बदलून पाहिली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. शाळेत मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं याला मनाई करणारं कलम २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आलं, म्हणजे त्यांच्यानंतर ३६ वर्षांनी. घरातल्या आणि खेळघरातल्या हातावर तेवढं कलमही नाही. तो ज्याचा त्यानेच आवरायचा.

एक गोष्ट मात्र त्यांना बघायला मिळाली नाही, याची मला हळहळ वाटते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावच्या तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. महाराष्ट्रात ती सुरुवात झाली मुंबईच्या धारावीत आणि आपल्या मेळघाटातल्या धारणीत. धारणी म्हणजे अमरावती जिल्हाच की! ज्या अमरावतीतून ताराबाई संसार मोडून बाहेर पडल्या, तिथेच त्यांचं काम ५४ वर्षांनी नांदायला आलं.

आज तुमच्या-माझ्या गल्लीत अंगणवाडी असेल. तिथली ताई एका खोलीत वीस-पंचवीस लेकरं सांभाळते, चेंडूंचा हौद नाही, गार हवा नाही. एखाद्या सकाळी वेळ काढून दारात उभ्या राहा आणि दोन लेकरं एका खेळण्यावर झोंबली की ती काय करते, ते बघा. चांगली ताई असेल तर ती हात उगारत नाही. एकाला गोष्टीच्या घोळक्यात ओढून घेते, दुसऱ्याच्या हाती चिंचोके देते, आणि कुणाची पाळी आधी होती हे तिच्या बरोबर लक्षात असतं. पुढच्या वेळी प्ले झोनमध्ये गेलात, की तेवढंच करून बघा. आणि पटलं तर शेजारणीलाही सांगा.