डिझेल नावाचा माणूस

दुधनीच्या बाजारात तुरीची पोती घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला विचारलं, तर डिझेल म्हणजे कॅनमधून आणायचं तेल. ते एका माणसाचं आडनाव होतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. बँकेत असताना शेतीकर्जाच्या कागदांवर ऑइल इंजिन हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले. त्यामागच्या माणसाची ओळख मात्र निवृत्तीनंतर झाली.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू करणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत प्राध्यापक लिंडे यांच्या हाताखाली शिकताना एक गोष्ट त्याच्या मनाला लागली. वाफेचं इंजिन शंभर रुपयांचा कोळसा खातं आणि काम देतं जेमतेम दहा रुपयांचं. बाकी सारी उष्णता वाया!

त्याची युक्ती साधी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. ती इतकी दाबायची, की आत सोडलेलं तेल ठिणगीवाचून आपोआप पेटावं. १८९३ च्या फेब्रुवारीत पेटंट मिळालं. त्याच ऑगस्टमध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीत दाब मोजायचं यंत्रच फुटलं. १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर चाललं, तेही मिनिटभर. अखेर १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर मोजमाप केलं. इंधनातली २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी लागत होती.

लहान कारागिराला स्वस्तात शक्ती मिळावी, ही त्याची इच्छा होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. शेतात पिकलेल्या तेलावर शेतातलं इंजिन चालावं, ही कल्पना इतकी जुनी आहे!

पैसा आला, तसा गेलाही. जमिनींच्या आणि तेलक्षेत्रांच्या व्यवहारांत तो बुडाला. उष्णतेचा कण न् कण मोजणाऱ्याला स्वतःचा जमाखर्च जमला नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. अपघात, आत्महत्या की घात, याचा उलगडा झाला नाही.

इंजिन मात्र जगभर गेलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीचं पाणी मोटेवाचून शेतात खेळू लागलं. पण या हिशेबाला खर्चाची बाजूही आहे. ज्या प्रचंड उष्णतेमुळे इंधन वाचतं, तिच्यामुळेच हवेतला नायट्रोजन प्राणवायूशी जुळून विषारी वायू होतो. अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी फुप्फुसात बसते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्ककारक ठरवला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे कडक मानक लागू झालं.

नासाडी थांबवायला निघालेल्या माणसाचं नाव आज धुराशी जोडलं जावं, हा दैवदुर्विलास. तरीही त्याचा मूळ प्रश्न खोटा ठरलेला नाही: जे जाळतो, त्यातलं किती कामी येतं आणि किती उधळलं जातं? तो प्रश्न आता आपल्या दारात आहे.